मागणीपत्र, मसुदा आणि एक शब्द : विद्यार्थ्यांचा धोरणप्रवेश (१९६१–१९८५)

१५ ऑगस्ट १९८५ रोजी, लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण काही तासांवर आलेले असताना, नवी दिल्लीत आसाम करारावर सह्या झाल्या. आंदोलकांच्या बाजूने सही करणारे तिघे होते : अखिल आसाम विद्यार्थी संघटनेचे (आसू) अध्यक्ष प्रफुल्लकुमार महंत, सरचिटणीस भृगुकुमार फुकन आणि आसाम गण संग्राम परिषदेचे निमंत्रक बिराजकुमार शर्मा. सरकारच्या बाजूने सह्या करणाऱ्यांत केंद्रीय गृहसचिव राम प्रधान होते. महाराष्ट्राचे मुख्य सचिवपद सांभाळून ते दिल्लीस गेले होते आणि मराठी वाचकाला ते परके नाहीत. पंतप्रधान राजीव गांधी या प्रसंगी उपस्थित होते. त्याच सकाळी त्यांनी आपल्या भाषणात कराराची घोषणा केली. चार महिन्यांनी, २४ डिसेंबर १९८५ रोजी, महंतांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. आदल्याच दिवशी त्यांना तेहतीस वर्षे पूर्ण झाली होती. वसतिगृहाच्या खोलीतून सचिवालयात गेलेले सरकार, असे त्या मंत्रिमंडळाचे वर्णन तेव्हा सर्रास केले जाई.

योगायोग असा की, १९८५ हे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय युवा वर्ष होते आणि सहभाग, विकास व शांतता ही त्याची सूत्रे होती. स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळण्यास आपल्याकडे सुरुवात झाली, तीही याच वर्षापासून. 'युवकांचा सहभाग' हा शब्दप्रयोग सरकारी कागदपत्रांत रुळू लागला त्याच सुमारास, त्या शब्दप्रयोगाची कोणतीही मदत न घेता, विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने केंद्र सरकारबरोबर नागरिकत्वासारख्या मूलभूत विषयावर करार केला. या दोन घटनांमधील अंतर हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

तरुणांच्या राजकीय सहभागाचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने समाजशास्त्रज्ञांनी आणि राज्यशास्त्रज्ञांनी केला आहे. त्यात आंदोलनाची कारणे, नेतृत्वाची सामाजिक पार्श्वभूमी, पक्षांशी असलेले संबंध यांची चर्चा असते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. धोरण हा शेवटी एक मजकूर असतो. तो कोणत्या तरी एका भाषेत लिहिला जातो, आणि बहुतेक वेळा ती भाषा आंदोलनाची भाषा नसते. घोषणा, पत्रक, मागणीपत्र, चर्चेचे टिपण, मसुदा आणि अधिनियम अशी ही साखळी असते. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर भाषांतर होते आणि प्रत्येक भाषांतरात काहीतरी गळते किंवा आत शिरते. भारतातील विद्यार्थी आंदोलनांनी धोरणावर खरोखर ठसा उमटवला, त्या प्रसंगांत सर्व संघर्ष अखेरीस एखाद्या शब्दाभोवती एकवटलेला आढळतो.

प्रथम मद्रासचे उदाहरण घेऊ. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार संविधानाच्या प्रारंभापासून पंधरा वर्षे इंग्रजीचा वापर चालू राहणार होता. ती मुदत २६ जानेवारी १९६५ रोजी संपत होती. दक्षिणेची भीती दूर करण्यासाठी १९६३ मध्ये राजभाषा अधिनियम करण्यात आला. मुदत संपल्यानंतरही हिंदीच्या जोडीला इंग्रजी वापरली जाण्याची तरतूद त्यात होती, परंतु त्यासाठी योजलेले इंग्रजी क्रियापद 'मे' असे होते. राज्यसभेत सी. एन. अण्णादुरै यांनी नेमके यावरच बोट ठेवले. 'मे' याचा अर्थ 'वापरली जाईल' असाही होतो आणि 'न वापरली जाईल' असाही होऊ शकतो, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. त्यांना तेथे 'शॅल' हवे होते. पंतप्रधान नेहरूंनी आपल्या हेतूची ग्वाही दिली. पण पंतप्रधानाची ग्वाही त्याच्या हयातीपुरती असते आणि अधिनियमातील क्रियापद त्याच्यानंतरही राहते. मे १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाले, तेव्हा ही भीती कल्पनेतली राहिली नाही.

मराठीत या 'मे'ला एकच एक प्रतिशब्द नाही. 'वापरता येईल' म्हटले की परवानगी ध्वनित होते, 'वापरली जाऊ शकेल' म्हटले की शक्यता. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच एकाक्षरी शब्दात दडून बसतात आणि अधिनियमाच्या मसुदाकाराला तेच सोयीचे असते. एरवी व्याकरणाच्या तासाला शिकवायचा हा भेद विद्यार्थ्यांनी रस्त्यावर आणला. भाषिक धोरणाच्या इतिहासात असे प्रसंग फार नाहीत.

आंदोलनाचे नेतृत्व द्रविड मुन्नेत्र कळघमने केले, असे सरसकट लिहिले जाते. पक्षाने प्रजासत्ताक दिन शोकदिन म्हणून पाळण्याचे ठरवले होते, हे खरे. परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्वतंत्र हिंदीविरोधी आंदोलन समिती उभी राहिली होती. आंदोलन पेटल्यानंतर त्याच्यावर पक्षाचे नियंत्रण फारसे उरले नव्हते. २५ जानेवारी १९६५ रोजी मदुराईत विद्यार्थ्यांची मिरवणूक काँग्रेसच्या कार्यालयापाशी आली, तेथे चकमक झाली आणि पाहता पाहता लोण राज्यभर पसरले. दोनच दिवसांनी अण्णामलै विद्यापीठातील राजेंद्रन हा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. पुढील दोन आठवड्यांतील मृतांचा अधिकृत आकडा सत्तरच्या आसपास आहे. अनधिकृत आकडे त्याहून बरेच मोठे आहेत. ११ फेब्रुवारीला सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्याच दिवशी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आकाशवाणीवरून इंग्रजीच्या वापराबाबत आश्वासने दिली.

येथे एक विरोधाभास आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आंदोलनाची भाषा तमिळ होती. सभांतील वक्तृत्व, भित्तिपत्रके, मृतांविषयीची गीते, सगळे तमिळमध्ये आणि तमिळच्या अस्मितेतून आलेले होते. मागणी मात्र इंग्रजी टिकवण्याची होती. या विसंगतीवर उत्तरेकडील टीकाकारांनी त्या वेळी पुष्कळ तोंडसुख घेतले. परंतु ही विसंगती वाटते तितकी खरी नाही. विद्यार्थ्यांचे गणित स्पष्ट होते. केंद्रीय सेवांच्या परीक्षा हिंदीत झाल्या तर हिंदीभाषक उमेदवाराला मातृभाषेचा लाभ मिळणार आणि तमिळभाषकाला मिळणार नाही. परीक्षा इंग्रजीत राहिल्या तर दोघेही सारखेच परके. समान परकेपणाची ही मागणी होती. तिच्यात नोकरीचा व्यवहार होता, आणि विद्यार्थ्याने नोकरीचा विचार केला म्हणून त्याचे भाषाप्रेम खोटे ठरत नाही. आपल्याकडील मराठी माध्यमाच्या चर्चेत या मुद्द्याकडे वारंवार दुर्लक्ष होते, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे अध्यक्ष के. कामराज हे विरुदुनगरमध्ये पे. सीनिवासन या विद्यार्थी नेत्याकडून तेराशेहून कमी मतांनी पराभूत झाले. आंदोलनातील का. काळीमुत्तू पुढे मंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे सहकारी ना. कामरासन यांची ओळख कवी म्हणून आहे. १९६७ च्या डिसेंबरमध्ये राजभाषा अधिनियमात दुरुस्ती झाली. केंद्राच्या ठराव, आदेश, अधिसूचना अशा कागदपत्रांसाठी हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा बंधनकारक झाल्या. 'मे'च्या जागी काही ठिकाणी 'शॅल' आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हिंदीला राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठराव केल्याखेरीज आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केल्याखेरीज इंग्रजीचा वापर थांबणार नाही, अशी तरतूद झाली. एका राज्याला एक प्रकारचा नकाराधिकार मिळाला. ही तरतूद आजही अधिनियमात आहे.

मात्र या कथेची दुसरी बाजू मद्रासच्या इतिहासलेखनात क्वचितच येते. हीच दुरुस्ती संसदेपुढे असताना बनारस आणि उत्तर प्रदेशातील अन्य शहरांत विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, आणि त्यांची मागणी नेमकी उलट होती. इंग्रजी पाट्यांना काळे फासले जात होते. त्यांच्याही डोळ्यांपुढे परीक्षा आणि नोकऱ्याच होत्या. इंग्रजी शाळेत शिकलेल्या शहरी मुलाशी आपण स्पर्धा करू शकत नाही, ही हिंदी माध्यमातील मुलाची तक्रार होती आणि तीही रास्त होती. तिकडे मद्रासचे विद्यार्थीही समाधानी नव्हते. दुरुस्तीबरोबर संमत झालेल्या ठरावातील त्रिभाषा सूत्रावर त्यांचा रोख होता. त्याचा परिणाम म्हणून २३ जानेवारी १९६८ रोजी तेथील विधानसभेने द्विभाषा सूत्राचा ठराव केला. म्हणजे 'तरुणांचे म्हणणे' असे एकवचनात काही नव्हते. एकाच विधेयकाकडे दोन प्रदेशांतील तरुण परस्परांविरुद्ध दिशांनी पाहत होते आणि दोघांनाही आपण अन्यायाविरुद्ध उभे आहोत असे वाटत होते. युवा धोरणाच्या आजच्या परिभाषेत 'युवकांच्या आकांक्षा' असा जो एकसंध समूह गृहीत धरला जातो, त्याला या एका हिवाळ्याने तडा जातो.

शास्त्रींनी विद्यार्थ्यांच्या मृत्यूनंतर भाषिक आश्वासन देण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९६० मध्ये आसाम विधानसभेने असमिया ही राज्याची राजभाषा ठरवणारा कायदा केला. बंगालीभाषक बराक खोऱ्यात त्याला तीव्र विरोध झाला. १९ मे १९६१ रोजी सिलचर रेल्वे स्थानकावर सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि अकरा जण मरण पावले. त्यांत कमला भट्टाचार्य ही सोळा वर्षांची मुलगी होती. तिने नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती. त्यानंतर केंद्रीय गृहमंत्री या नात्याने शास्त्रींनी तोडग्याचे सूत्र मांडले आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कछार जिल्ह्यात प्रशासकीय व्यवहारासाठी बंगालीला स्थान मिळाले. बराक खोऱ्यातील बंगाली कवितेत 'उनिशे मे' हा तेव्हापासून एक स्वतंत्र विषय झाला आहे. शक्तिपद ब्रह्मचारी यांचे नाव त्या संदर्भात प्रथम घ्यावे लागते. ढाक्याच्या २१ फेब्रुवारी १९५२ ची छाया त्यावर असणे स्वाभाविक आहे.

मृतांना काय म्हणायचे, याचेही एक तुलनात्मक टिपण येथे करता येईल. तमिळनाडूत ते 'मोळिप्पोर त्यागी' (भाषायुद्धातील त्यागी) आहेत आणि २५ जानेवारी हा त्यांचा दिवस. सिलचरमध्ये ते 'भाषाशहीद' आहेत, गुवाहाटीत 'स्वहीद'. मराठीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मरण पावलेल्यांसाठी आपण 'हुतात्मा' म्हणतो. शुद्ध तमिळचा आग्रह धरणाऱ्या प्रदेशाने संस्कृतोद्भव 'त्याग' घ्यावा, 'विदेशी' हटवण्याची मागणी करणाऱ्या आंदोलनाने मूळचा अरबी 'शहीद' आपला मानून त्याचे लेखन असमिया वळणाने करावे, यात गंमत आहे. शब्दांना नागरिकत्व सहज मिळते. माणसांचे तसे नसते.

आसामकडे वळताना संघटनेच्या नावापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. असमियात तिचे नाव 'सदौ असम छात्र सन्था'. मराठीत 'छात्र' हा शब्द आता छात्रालय, छात्रवृत्ती, छात्रसेना अशा समासांतच उरला आहे. एकेकट्या व्यक्तीला आपण 'विद्यार्थी' म्हणतो. पूर्व भारतात 'छात्र' हा राजकीय शब्द आहे. त्याला अभ्यासाइतकीच लोकांच्या वतीने बोलण्याची अर्थच्छटा आहे. तमिळमधील 'माणवर' या शब्दाचे नाते संस्कृत 'माणव'शी, म्हणजे बटूशी, सांगितले जाते. द्रविड चळवळीने त्यालाही लढाऊ छटा दिली. आसाममध्ये १९६७ मध्ये स्थापन झालेल्या 'आसू'ने पुढील दहा-बारा वर्षांत शिक्षणाचे माध्यम, तेलशुद्धीकरण, पूर अशा प्रश्नांवर भूमिका घेतली आणि 'छात्र' म्हणजे प्रदेशाचा प्रतिनिधी, हे समीकरण पक्के केले. असमियात 'जाति' म्हणजे आपली 'जात' नव्हे. तो 'राष्ट्र' आणि 'लोकसमाज' यांच्या मधला शब्द आहे. 'जातीय' आंदोलन हा शब्द वाचून मराठी अभ्यासकाने दचकू नये.

१९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघातील खासदार हिरालाल पटवारी यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीच्या तयारीत मतदारयादीतील नावांवर मोठ्या प्रमाणावर आक्षेप आले. ८ जून १९७९ रोजी 'आसू'ने बारा तासांचा बंद पुकारला आणि पुढे सहा वर्षे चाललेले आंदोलन सुरू झाले. ऑगस्टमध्ये गण संग्राम परिषद स्थापन झाली. असम साहित्य सभेसारखी १९१७ पासूनची वाङ्मयीन संस्था तिच्यात सामील होती. महाराष्ट्रात साहित्य परिषदेने संपाची हाक दिल्याची कल्पना करून पाहावी, म्हणजे या घटनेचे वेगळेपण ध्यानात येईल. रीता चौधुरी यांची 'अविरत यात्रा' (१९८१) ही पहिली कादंबरी या आंदोलनाच्या धामधुमीतच आली. याच वर्षी, ७ एप्रिल १९७९ रोजी, शिवसागरच्या रंगघरापाशी 'उल्फा' स्थापन झाली, हेही विसरता येत नाही. मागणीपत्र आणि बंदूक हे दोन मार्ग एकाच पिढीने, एकाच वर्षी निवडले.

आंदोलनाच्या पहिल्या काही महिन्यांत त्याच्या शब्दसंग्रहात एक निर्णायक बदल झाला. आरंभी रोख 'बहिरागतां'वर होता. बहिरागत म्हणजे बाहेरून आलेला. तो मारवाडी व्यापारी असेल, बिहारी मजूर असेल, बंगाली कारकून असेल किंवा पूर्व बंगालमधून आलेला शेतकरी असेल. परंतु भारतीय नागरिकाने भारतात कोठेही राहावे हा संविधानाने दिलेला हक्क असल्यामुळे 'बहिरागत' या शब्दावर धोरणाची इमारत उभी राहू शकत नव्हती. लवकरच 'आसू'च्या निवेदनांत 'विदेशी' हा शब्द आला आणि राहिला. हा बदल केवळ डावपेचाचा नव्हता. लोकभाषेतील अस्वस्थता जेव्हा कायद्याच्या भाषेत मांडायची असते, तेव्हा तिला कायद्याला कळणारा शब्द शोधावा लागतो, आणि तो सापडला की अस्वस्थतेचा आकारच बदलतो. 'विदेशी' म्हटल्याबरोबर तारीख लागते : कधी आला? फेब्रुवारी १९८० मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी चर्चा सुरू झाली. 'आसू' १९५१ चे वर्ष प्रमाण धरत होती आणि सरकार २५ मार्च १९७१. वाटाघाटींच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या प्रामुख्याने या दोन तारखांमधल्या वर्षांविषयी होत्या. वाटाघाटी करणारे विद्यार्थी आणि सचिव, दोघेही एव्हाना एकच भाषा बोलू लागले होते.

या भाषेबाहेर जे राहिले त्यांचे काय झाले, हे सांगितल्याखेरीज आसामच्या विद्यार्थ्यांचे कौतुक करणे अप्रामाणिक होईल. जुन्या मतदारयादीवर फेब्रुवारी १९८३ मध्ये निवडणूक लादली गेली. आंदोलकांनी बहिष्कार घातला. १८ फेब्रुवारीला नेल्ली आणि परिसरातील गावांत पूर्व बंगाली मूळ असलेल्या मुसलमानांची कत्तल झाली. अधिकृत आकड्याप्रमाणेही मृतांची संख्या अठराशेहून अधिक होती, आणि त्यांत मोठा भाग स्त्रिया व मुले यांचा होता. आंदोलनाच्या आपल्या हुतात्म्यांच्या यादीत ८५५ नावे आहेत. नेल्लीचे मृत त्या यादीत नाहीत आणि १५ ऑगस्टच्या मेजावरही त्यांच्या वतीने कोणी बसलेले नव्हते. मेजावर तीन आंदोलक होते. तिघेही पुरुष, तिघेही असमियाभाषक. लोकांच्या वतीने बोलणाऱ्याला लोक कोण हे ठरवण्याचाही अधिकार आपोआप मिळतो, ही प्रातिनिधिकतेची जुनी अडचण येथे तिच्या सर्वांत कठोर रूपात दिसते.

कराराचा मजकूर इंग्रजीत आहे आणि त्रोटक आहे. १ जानेवारी १९६६ ही आधारतारीख ठरली. त्या दिवसापासून २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांना शोधून त्यांची नावे दहा वर्षांसाठी मतदारयादीतून वगळायची, आणि २५ मार्च १९७१ व त्यानंतर आलेल्यांना शोधून, वगळून, बाहेर पाठवायचे, असे त्रिस्तरीय सूत्र होते. त्याला वैधानिक रूप देण्यासाठी नागरिकत्व अधिनियमात कलम ६-अ घालण्यात आले. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवले. विद्यार्थी संघटनेशी झालेल्या तडजोडीतली तारीख देशाच्या नागरिकत्व कायद्यात चार दशके टिकून आहे. राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून सुमारे एकोणीस लाख माणसे वगळली गेली, तीही याच तारखेच्या मापाने. गुवाहाटीची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि नुमलीगढचा तेलशुद्धीकरण कारखाना ही या कराराची सर्वांना मान्य झालेली फळे. त्यांच्याविषयी वाद नाही, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

वाद आहे तो सहाव्या कलमाचा. असमिया लोकांची सांस्कृतिक, सामाजिक व भाषिक ओळख आणि वारसा यांचे रक्षण, जतन व संवर्धन करण्यासाठी घटनात्मक, वैधानिक व प्रशासकीय संरक्षणे देण्याचे आश्वासन त्यात आहे. परंतु 'असमिया लोक' म्हणजे कोण, याची व्याख्या करारात कोठेही नाही. असमिया भाषा बोलणारे 'असमिया', की आसामात राहणारे 'असमवासी'? मूळ भूमिपुत्रांसाठी वापरला जाणारा 'खिलंजीया' हा शब्द यांपैकी कोणाला लागू होतो? बोडो, मिसिंग, कार्बी यांचे काय? चहामळ्यांतील मजुरांचे, बराक खोऱ्यातील बंगाल्यांचे, जनगणनेत आपली मातृभाषा असमिया लिहिणाऱ्या ब्रह्मपुत्रेच्या चरांवरील मुसलमानांचे काय? इंग्रजी मसुद्यातल्या दोन शब्दांनी हे सर्व प्रश्न झाकले. सही त्या झाकणामुळेच शक्य झाली, असे माझे मत आहे. व्याख्येचा आग्रह धरला असता तर त्या रात्री करार झाला नसता.

झाकण पहिल्यांदा उघडले ते दुसऱ्या विद्यार्थी संघटनेने. अखिल बोडो विद्यार्थी संघटनाही १९६७ चीच. विदेशींविरुद्धच्या आंदोलनात ती बरोबर होती. करारानंतर मात्र 'असमिया लोक' या शब्दात आपण सामावत नाही, हे बोडो तरुणांना उमगले आणि मार्च १९८७ मध्ये उपेंद्रनाथ ब्रह्म यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र राज्याचे आंदोलन सुरू झाले. गुवाहाटीत त्या वेळी सत्तेवर कालचेच विद्यार्थी नेते होते. मागणीपत्रे आता त्यांच्या टेबलावर येत होती आणि त्यांनी त्यांना दिलेली उत्तरे दिल्लीने त्यांना दिलेल्या उत्तरांहून फार वेगळी नव्हती. १९९३ चा बोडो करार झाला, त्यातही स्वायत्त प्रदेशाची सीमा निश्चित न करताच सह्या झाल्या आणि तो त्याच मुद्द्यावर कोसळला. पुढे २००३ आणि २०२० मध्ये नवे करार करावे लागले.

महाराष्ट्रातील एका उदाहरणाचा उल्लेख येथे करावा लागेल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यामागे दलित युवकांची चळवळ होती आणि त्याला झालेल्या विरोधातही विद्यार्थी पुढे होते. मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, अंमलबजावणी सोळा वर्षे लांबली. १४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय झाला तेव्हा 'नामांतरा'चा 'नामविस्तार' झाला होता. आंतर आणि विस्तार यांतला फरक तडजोडीचा आहे, हे वेगळे सांगायला नको. जे 'मे' आणि 'शॅल' यांच्यात घडले, तेच येथे दोन संस्कृत उत्तरपदांत घडले.

गुजरातचे नवनिर्माण आणि बिहारचे छात्र आंदोलन ही या काळातील सर्वाधिक गाजलेली उदाहरणे. अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील खाणावळीच्या वाढलेल्या बिलापासून डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झालेल्या असंतोषाने ९ फेब्रुवारी १९७४ रोजी चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावे लागले आणि मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. सरकार पाडणे आणि धोरण घडवणे यांत मात्र फरक आहे. या दोन्ही आंदोलनांनी पहिले अधिक केले, म्हणून प्रस्तुत विवेचनात त्यांना मी दुय्यम स्थान देतो. अपवाद आहे तो बिहारमधूनच निघालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीचा. जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत तीस वर्षांवरील व्यक्तीला सदस्यत्व नव्हते. बोधगयेच्या मठाच्या जमिनींसाठी १९७८ पासून वाहिनीने भूमिहीनांबरोबर लढा दिला. जमीन वाटपाची वेळ आली तेव्हा काही गावांतील स्त्रियांनी पट्टे आपल्या नावावर मागितले. जमीन कुटुंबप्रमुखाच्या नावे होते आणि कुटुंबप्रमुख पुरुष असतो, हे अधिकाऱ्यांचे उत्तर होते. वाहिनीतील तरुण पुरुष कार्यकर्त्यांशीही या मुद्द्यावर वाद झाले. अखेर १९८० च्या दशकाच्या आरंभी काही गावांत स्त्रियांच्या नावे पट्टे निघाले. महसुली दप्तरातल्या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि तो बदल तारखेच्या घासाघिशीतून आलेला नव्हता. आसामच्या मेजावर जे घडले नाही ते बोधगयेत घडले, कारण ज्यांच्याविषयी धोरण होते त्या स्त्रिया मसुद्याच्या वेळी हजर होत्या.

१९६५ मध्ये मदुराईच्या आणि १९८५ मध्ये गुवाहाटीच्या रस्त्यावर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना मताचा अधिकार नव्हता, कारण मतदानाचे वय एकवीस होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते अठरा झाले. २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. लोकसभा आणि विधानसभा यांच्या उमेदवारीसाठीचे पंचवीस हे किमान वय मात्र तसेच राहिले. ते अठरापर्यंत खाली आणावे अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये केली होती. राष्ट्रीय युवा धोरण प्रथम १९८८ मध्ये आले. २००३ च्या धोरणाने तेरा ते पस्तीस वयाच्या व्यक्तीला युवा मानले, २०१४ च्या धोरणाने पंधरा ते एकोणतीस. म्हणजे 'युवा' या शब्दाचीही आता तारखेनेच व्याख्या होते. या दस्तऐवजांत 'छात्र' नाही, 'माणवर' नाही. 'युवा' आहे, आणि त्याला कौशल्य, रोजगार, आरोग्य व नेतृत्व-विकास द्यावयाचे आहे. तो घेणारा आहे. मेजाच्या पलीकडे बसून मसुद्यातला शब्द बदला म्हणणारा 'छात्र' या दस्तऐवजांच्या वाक्यरचनेत कर्ता म्हणून क्वचितच येतो.

सहाव्या कलमाच्या अंमलबजावणीसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये न्यायमूर्ती बिप्लवकुमार शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत 'आसू'चे प्रतिनिधी होते. १ जानेवारी १९५१ रोजी किंवा त्यापूर्वी आसामच्या भूभागात राहणारे भारतीय नागरिक आणि त्यांचे वंशज यांना या कलमापुरते 'असमिया लोक' मानावे, असे समितीने सुचवले. १९८० च्या वाटाघाटींत विद्यार्थ्यांना सोडून द्यावे लागलेले वर्ष अशा रीतीने दुसऱ्या दाराने परत आले. अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारला सादर झाला आणि काही महिने तो प्रसिद्धच झाला नाही. ऑगस्टमध्ये समितीतील 'आसू'च्या सदस्यांनी तो आपल्या हाताने लोकांपुढे ठेवला. तोही इंग्रजीतच होता.